जागं ठेवलेलं पान

नाही हो, तक्रार नाही – तक्रार आहे असं कोण म्हणालं तुम्हाला? तुमच्या ऑफिसातल्या त्या मुलीने फोनवर विचारलं, अनुभव कसा वाटला, मी म्हटलं चांगला वाटला पण थोडं बोलायचंय, तर तिने त्याची तक्रारच करून टाकली. बसा. ती खुर्ची नको, तिचा एक पाय लंगडतो, ही घ्या. पिशवीत काय आणलंय – टी-शर्ट? ठेवा तिकडे कपाटावर, कुणी ना कुणी घालेल. खिडक्यांना कागद लावलेत म्हणून अंधार वाटतो जरा, डोळे सरावतील आत्ता. खालच्या सायकलवाल्याची हातोडी चालू आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका, आम्हाला आता ती ऐकूही येत नाही. हं, तर काय विचारत होता? जमलं का बाई, अवघड गेलं का? नाही गेलं. वीसेक वर्षं शाळेत कॉम्प्युटर शिकवलाय मी, एवढ्यानं घाबरत नाही. आणि खरं सांगू का, तुमचं ते क्लाउड इतकं सोपं निघालं की मलाच संशय आला. मी कोड पाठवला, चहा टाकायला उठले, चहा उकळायच्या आत पान उघडलेलं! मी आमच्या संस्थेच्या वकीलबाईंना हाक मारून दाखवलं. त्यांना त्यातलं काही कळत नाही, पण त्याही हसल्या माझ्या तोंडाकडे बघून.

तुम्ही आमची साईट पाहिलीत? काय दिसलं? विणकाम. बरोबर. लोकरीचे नमुने, उलटा टाका, सुलटा टाका, बाळाचा स्वेटर, कानटोपी. तुमच्या यादीत आम्ही 'हस्तकला'मध्ये बसलोय, आणि खाली दारावरही पाटी तीच आहे, विणकाम वर्ग. वकीलबाईंनी तुमच्याकडून सही घेतली ना मघाशी, बाहेर बोलणार नाही म्हणून – का घेतली असेल, असं वाटलं असेल तुम्हाला. विणकामाची कसली आलीय गुप्तता! तर ऐका. त्या पानावर बाळाच्या स्वेटरचं चित्र आहे, त्याला बटणं आहेत. त्यातलं गळ्याजवळचं बटण दाबलं की इथे निरोप येतो – कुणी दाबलं, कुठून दाबलं. मग आमच्यातली एक जण रिक्षा घेऊन जाते. बस, एवढंच. ज्या बाईचा फोन रोज तपासला जातो, कुणाला लावला, काय लिहिलं, काय पुसलं, तिच्या फोनवर विणकामाचं पान दिसलं तर कोण काय म्हणणार? उलट बरंच वाटतं घरच्यांना. बायको स्वेटर विणते म्हणजे सगळं ठीक चाललंय. प्रत्येकीला तिचा तिचा वेगळा नमुना देतो आम्ही, म्हणजे कोण ते लगेच कळावं. हो, दाबतात. दाबतात तर. मागच्या खोलीत आत्ताही दोघी आहेत, म्हणून मी हळू बोलतेय. तुम्हीही हळूच विचारा.

आधी हे सगळं त्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर चालायचं. तो काय, अजून तिथेच आहे, काढवत नाही मला. वीज गेली की बॅटरी, बॅटरी संपली की आम्ही आंधळ्या. एकदा सायकलवाल्याने खाली कसलीशी मोटर लावली आणि आमचा फ्यूज उडाला, डबा बंद, आणि मी बाजारात – इथे परत आल्यावर कळलं. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नसायचं. जेवताना डबा, न्हाताना डबा. वकीलबाई म्हणाल्या, हे असं नाही चालायचं, दुसरीकडे कुठेतरी नेऊन ठेव, जिथे वीज जात नाही. मग मी चार ठिकाणी चौकशी केली, आणि तुमचं सापडलं. फुकट वापरून बघा, आवडलं तर घ्या. म्हटलं बघू तर खरं. पहिल्या आठवड्यात मी किती हलकी झाले होते म्हणून सांगू! आईला म्हटलं, आई, आज मी पोटभर जेवले गं. तिला काही कळेना, म्हणाली, मग रोज काय उपाशी असतेस का?

ते झोपणं? हो, माहीत होतं. तुमच्या माहितीत ठळक लिहिलंय, लपवून ठेवलंय असं मी म्हणणारच नाही. फुकटातलं पान कुणी बराच वेळ उघडलं नाही की झोपतं, पुन्हा कुणी आलं की जागं व्हायला मिनिटभर घेतं. रास्त आहे. फुकट खोली दिलीत तर दिवा विझवणारच तुम्ही. मी म्हटलं, झोपू द्यायचंच नाही. एक छोटा प्रोग्राम लिहिला, तो आपला अधूनमधून पान उघडून बघायचा, कुणी आल्यासारखं. तर तुमच्याकडून मेल आला – अतिशय सभ्य मेल, हो – की चाचणीच्या काळात हे नियमात बसत नाही, कृपया बंद करा. केला बंद. आपल्याला कुठे भांडायचंय? मग मी हातानेच उघडायला लागले. कुकर लावला की उघड, कपडे वाळत घातले की उघड, डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत उघड. तान्ह्या बाळाच्या अंगावरचं पांघरूण बघावं तसं. वकीलबाई कागदपत्रं करतच होत्या कायमच्या खात्यासाठी, कमिटीची मान्यता, हे ते – थोड्या दिवसांचाच प्रश्न होता. आणि चाललं हो. छान चाललं. एका बाईचं सोडलं तर.

एक बाई – म्हणजे असेल कोणी एक. तिचा नमुना आमच्याकडे बरेच दिवस होता, तिने कधी दाबलं नव्हतं. अशा पुष्कळ असतात. घेऊन ठेवतात, हसण्यावारी नेतात. तीही हसली होती, तुझं आपलं काहीतरीच ताई, म्हणाली – ताई म्हणजे, इथे सगळ्या मला ताईच म्हणतात. तर ही बाई. नवरा चांगला शिकलेला, चष्म्याचं दुकान, आवाज कधी चढवणार नाही. लोक नाव काढतात. म्हाताऱ्यांच्या कानामागे काडी टोचत असेल तर दहा वेळा घासून देईल, पैसे घेणार नाही. मारत नाही, म्हणजे तसा दिसेल असा मारत नाही. तो काय करतो माहीत आहे? हिचा चष्मा काढून घेतो. हिचा नंबर फार मोठा आहे, लहानपणापासूनचा, हातभर अंतरावरचं माणूस ओळखू येत नाही. काही मनाविरुद्ध झालं – भाजी, फोन, शेजारणीशी जास्त बोलली, काहीही – की तो शांतपणे हिच्या डोळ्यांवरचा चष्मा काढणार, खिशात ठेवणार आणि म्हणणार, काडी सैल झालीय, दुरुस्तीला नेतो. मग चार दिवस, आठ दिवस, त्याच्या मनाला येईल तोवर. ही घरात भिंती चाचपत फिरणार. बाहेर कुठे जाणार? जिना दिसत नाही. वर बाहेरून कुलूप, चोऱ्या फार होतात म्हणून. कुणाला सांगायची सोय नाही, काय सांगणार – नवऱ्याने चष्मा दुरुस्तीला नेला? आई म्हणते, किती काळजी घेतात गं जावईबापू.

आई म्हणजे – हो. माझीच आई. तुमच्यापासून काय लपवायचं आता, बोलून बसले. धाकटी ती माझी. माझ्या हातावर वाढली, मी तिची वेणी घालायचे, शाळेत तिला फळा दिसत नाही हे सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं होतं. पहिला चष्मा लागला तेव्हा घरी येताना झाडाखाली थांबून म्हणाली, ताई, पानं सुटी सुटी असतात? तिला वाटायचं झाड म्हणजे एक हिरवा गोळाच असतो. – नको, पाणी नको मला. तुम्ही प्या.

तर त्या दुपारी आईचा नवा चष्मा तयार झाला होता. जावयाच्या दुकानात जायचं, आईला कोण हौस! मी घेऊन गेले. आईला आरशासमोर बसवलं त्याने, काडी गरम करून वाकवली, घालून बघितली, पुन्हा वाकवली. आई, नाकावर जड नाही ना वाटत? गोड बोलतो हो. आणि मी समोर बसलेय, तर काउंटरवर दुरुस्तीच्या ट्रेमध्ये धाकटीचा चष्मा. तपकिरी फ्रेम, डाव्या काडीला बारीक ओरखडा – मी लगेच ओळखला. आईनेही ओळखला. म्हणाली, अगंबाई, हा धाकटीचा ना? तो म्हणाला, हो आई, काडी सैल झाली होती. आणि माझ्याकडे बघून हसला. मी काय करणार, मीही हसले. फोन माझ्या पर्समध्ये होता. पान उघडायची वेळ होऊन गेली होती, कळत होतं मला. पण त्याच्यासमोर मी फोन काढत नाही. त्याची नजर सरळ पडद्यावर जाते, वाकून बघणार, काय ताई, काय बघताय? म्हटलं आत्ता निघू, आत्ता निघू. आणि आई काही उठेना. त्याने सरबत मागवलं. मग तिला वाचायला काय काय देत बसला, हे दिसतंय का, आता हे. आई एखाद्या पोरीसारखी मोठ्याने वाचून दाखवत होती.

आणि धाकटीला माहीत होतं आम्ही दुकानात आहोत ते. आईनेच फोन करून सांगितलं होतं सकाळी. तिने बरोबर हिशोब केला – ताई नि आई समोर बसल्यात म्हणजे हा काही घरी येत नाही. तीच वेळ तिने धरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. फोन नाकाला लावून, अंदाजाने चाचपडत, तिने ते पान उघडलं.

तुम्हाला कळलंच असेल. पान झोपलेलं.

तुमची ती जागं होतानाची पाटी आहे ना, तो हसरा ढग, वर-खाली डुलणारा, त्याच्याखाली तुमच्या कंपनीचं नाव आणि मोठ्या अक्षरांत 'थांबा' – ती आली. मी तो ढग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आवडला होता हो, गंमत वाटली होती. मग पुढच्या रविवारी आम्ही जेवायला गेलो त्यांच्याकडे, त्याने आग्रहाने बोलावलं होतं. तिच्या डोळ्यांवर चष्मा होता. मी मदतीला म्हणून आत गेले, तो बाहेर आईपाशी. ती काकडी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, ताई, तुझं विणकाम उघडलं होतं मी. माझ्या हातातून वाटीच पडायची. मी म्हटलं, कधी? मग? म्हणाली, काही नाही गं. एक ढग हलत होता. थांबा म्हणत होता. म्हटलं थांबा तर थांबा. आणि मग नळाकडे बघत म्हणाली, मलाही तेव्हा बरंच वाटलं. मनात आलं होतं, आता तूही येशील, रिक्षा येईल, आईला कळेल, सगळं उघडं पडेल – आणि ते म्हणालं थांबा. मग बंद केलं मी. थांबले. मी म्हटलं, अगं, ते मिनिटभराचं 'थांबा' होतं, मिनिटभराचं! चल, आत्ता चल, आत्ताच्या आत्ता, आई बाहेर आहे, तो काय करणार आहे आईसमोर! तिने काकडीवर मीठ घातलं. म्हणाली, हळू बोल, ताटं घे.

म्हणजे बघा, पान जागं असतं तर तिने बटण दाबलंच असतं का? मला नाही माहीत. मी हे रोज उलटसुलट करून बघते. कदाचित नसतंही दाबलं. स्वेटरचं चित्र बघून मागेच फिरली असती. तुमच्यावर मी काही ढकलत नाहीये, हे लिहून घ्या हवं तर. पण पुढे काय झालं ते ऐका, कारण ते तुमच्या कामाचं आहे. निघताना तो आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आला. आईचा हात धरून एकेक पायरी उतरवली. खाली आल्यावर आई चप्पल घालतेय तेवढ्यात मला म्हणाला, ताई, एक विचारू? तुम्ही एवढं कॉम्प्युटरचं शिकवलंत. विणकामाच्या पानावर कॉम्प्युटर कंपनीचं नाव का येतं हो? हिच्या फोनमध्ये दिसलं. मी काय बोलले मला आठवतही नाही, जाहिरात असेल असं काहीतरी. तो म्हणाला, असेल, असेल. गोडच हसला.

मग दुकान विकलं त्यांनी. हवा मानवत नाही म्हणे. इतकं झटपट की आईला मिठाईसुद्धा पोचवता आली नाही. कुठे गेले? आईला विचारा, ती म्हणेल, नवीन जागा लागली की पत्ता कळवणार आहेत जावईबापू. अजून जागा लागतेच आहे. फोन येतो, त्याच्या फोनवरून, स्पीकरवर. धाकटी म्हणते, मी बरी आहे, तू बरी आहेस ना, आईचा चष्मा कसा आहे. मी विचारते, तुझा? तर तो मधूनच म्हणतो, तिचा दुरुस्तीला दिलाय ताई. मुद्दाम म्हणतो. मला ऐकवायला. पोलिसांत? गेलो ना, वकीलबाई स्वतः आल्या होत्या. नवरा बायकोला घेऊन दुसऱ्या गावी गेला, बाई फोनवर बरी आहे म्हणते – साहेबांनी वहीसुद्धा उघडली नाही.

म्हणून तुम्हाला बोलावलं. एकच गोष्ट मागायची आहे. ती पाटी काढा. ढग काढा, नाव काढा, 'थांबा' काढा. आमच्यासारख्यांना नुसतं पांढरं पान द्या, काही न लिहिलेलं. उघडायला वेळ लागला तर लागू दे, फोन मंद आहे असं समजेल माणूस. पण नाव नको. वरती कळवता? बरं. कळवा. तुम्ही लिहून घेतलंत, तेही खूप झालं. नाही, कायमचं खातं आम्ही घेतलंय, वकीलबाईंनी सही केली, ते झोपत नाही, अगदी व्यवस्थित चालतं. ठेवतोय ना आम्ही, तुमच्याकडेच ठेवतोय. दुसरीकडे कुठे जाणार? चांगलं आहे तुमचं. तारे किती द्यायचे ते तुम्हीच द्या.

पडद्यावर काय बघताय? – हं. तो दुसरा. तो दुसरा ठिपका काही नाही. चुकून राहिलेला असेल. कुणीच येत नाही त्यावर, हो, मलाही दिसतंय. पैसे कशाला भरताय, बंद करून देऊ का म्हणता – नाही! हात नका लावू. नका लावू, माउस सोडा. – माफ करा. बसा. ओरडायचं नव्हतं मला.

ते जुनं पान आहे. त्याला कळलं ना, म्हणून आम्ही सगळ्या बाकीच्यांचे नमुने बदलले, नवीन पत्ता, नवीन चित्र, आता विणकामही नाही तिथे, दुसरंच आहे, ते नाही सांगत. आणि जुनं बंद करायचं ठरलं. ठरलं म्हणजे वकीलबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, बंद कर, तो माणूस हुशार आहे, उद्या तोच बटण दाबेल आणि जी कुणी रिक्षा घेऊन जाईल तिची वाट बघत बसेल. खरं आहे त्यांचं. एक शब्द खोटा नाही. मी हो म्हटलं, बंद केलं म्हणून सांगितलं. माझ्या पेन्शनमधून भरते त्याचे, संस्थेचा काही संबंध नाही. धाकटीला नवीन पत्ता कसा देऊ मी, सांगा ना? स्पीकरवर? तिला तेवढं एकच ठाऊक आहे. कधी दुसऱ्या कुणाचा फोन हाती लागला, शेजारणीचा, कामवालीचा, आणि तिने आठवून आठवून ते नाव टाकलं – तर? परत ढग दाखवू तिला? आणि त्याने दाबलं तर दाबू दे. निदान कुठून दाबलं ते तरी कळेल मला. मीच जाईन, आणखी कुणाला पाठवणार नाही. एवढं वकीलबाईंना सांगू नका. सही तुम्ही त्यांच्यासाठी केलीत, पण हे माझं म्हणून ऐका. त्यांच्या नजरेतून उतरले तर मी इथे – मला दुसरं आहे काय हो? आई आणि हे. तुमच्या हिशोबात ते पान 'वापरात नाही' असं दिसतं ना, तो लाल ठिपका, तसाच दिसू दे. फक्त बंद पडलं तर मला आधी कळवा. हा माझा स्वतःचा नंबर. लिहा. शेवटी सात आहे, एक नाही.

थांबा जरा. – जिन्यावर कोणी आलंय. नाही, वकीलबाई नाहीत, त्यांची पावलं मी ओळखते. कुणीतरी दोन पायऱ्या चढतंय आणि थांबतंय. उठा तुम्ही. तुमचं काही चुकलं नाही हो, पण दार उघडल्यावर समोर पुरुष बसलेला दिसला तर ती तशीच खाली उतरेल. मागच्या दाराने जा, स्वयंपाकघरातून, त्या दोघींकडे बघू नका, मान खाली घालून सरळ निघा. पिशवी राहू दे. राहू दे म्हणते ना, बोलू नका आता, जा. – या, या बाई. दार उघडंच आहे. आत या.